विजयला लावलेला भाव

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. बायकोजवळ नाही, चर्चच्या पाळकसाहेबांजवळ नाही, आणि — कसं सांगू — प्रार्थनेतसुद्धा नाही. प्रार्थनेत मी तिला वळसा घालून जातो. देवा, माझ्या सगळ्या अपराधांची क्षमा कर, असं म्हणतो. सगळ्या म्हटलं की एकेकाचं नाव घ्यावं लागत नाही. ठोकात माल निघून जातो.

तुम्हालाच का सांगतो आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. दुसरं कारण शोधलं, सापडलं नाही.

मी अकोल्याला बारदान्याचा धंदा करतो. बारदाना म्हणजे पोती. वापरलेली, फाटकी पोती विकत घ्यायची, झाडायची, बायांकडून शिवून घ्यायची, आणि तुरीच्या-सोयाबीनच्या हंगामात व्यापाऱ्यांना विकायची. मूळचा मी अंजनगाव सुर्जीचा. वडील दुसऱ्याच्या केळीच्या बागेत राबायचे. मी सायकलच्या कॅरिअरवर पोती बांधून गावोगाव फिरलो, तेव्हा कुठे हे गोडाऊन उभं राहिलं. कोणी हातभार लावला नाही. कोणीही नाही. हे मला दर वेळी सांगावंसं वाटतं — आणि कोणी विचारलेलं नसतं.

भाव करण्यात मला हरवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. नियम साधा आहे. आपला आकडा आधी सांगायचा नाही. समोरच्याला बोलू द्यायचं. तो जितका बोलेल तितकी त्याची गरज उघडी पडते. आणि तो अडलेला दिसला — गाडी दारात उभी, माल उघड्यावर, वर आभाळ भरून आलेलं — की भाव चढवायचा. यात मला कधी वाईट वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. धंदा आहे.

पण हा नियम मी एकदा धंद्याबाहेर वापरला. माणसावर. तेच सांगायचं आहे. येतो तिथे — जरा आजूबाजूचं आधी सांगू द्या.

आम्ही ख्रिस्ती. माझी सासुरवाडी अमरावतीची, आणि एक जानेवारीच्या सकाळच्या उपासनेला आम्ही दर वर्षी तिकडच्या चर्चमध्ये जातो. तिथे एक जुनी रीत आहे. उपदेश संपला की पाळकसाहेब बाकांवरून नजर फिरवतात, आणि ज्याची पाळी येईल त्याने उठून दोन गोष्टी सांगायच्या — सरत्या वर्षाची साक्ष, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते, आणि नव्या वर्षाचा संकल्प. कोणी म्हणतं, रोज पहाटे उठून प्रार्थना करीन. कोणी सून म्हणते, सासूला उलटून बोलणार नाही — आणि सासू पुढच्याच बाकावर मान वळवून ऐकत असते. मंडळी हसते, आमेन म्हणते. पुढच्या वर्षी तीच सून तोच संकल्प घेऊन उठते, आणि मंडळी पुन्हा तितक्याच जोरात आमेन म्हणते. मला हे बावळटपणाचं वाटायचं. तोच माल दर वर्षी नवा म्हणून कसा विकता तुम्ही? आणि घेणारे तरी कसे घेतात?

आज वाटतं, त्या मंडळीत शिकण्यासारखं तेवढं एकच होतं. मी तेवढंच शिकलो नाही.

त्या चर्चमध्ये मला किंमत नव्हती. हे खरं आहे, मी वाढवून सांगत नाही. सासरे शिक्षक, मेहुणे नोकरीत. जावई काय करतात असं कोणी विचारलं की सासरे म्हणायचे, "व्यापार." बारदाना हा शब्द त्यांच्या जिभेवर कधी आला नाही. शास्त्रपाठ वाचायला सगळ्यांना बोलावायचे, मला नाही. आणि माझा साडू विजय — माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या, धाकट्या बहिणीचा नवरा — तो तर सगळ्यांचा लाडका. अमरावतीतच त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान. दिसायला राजबिंडा, बोलायला गोड. नाताळच्या जेवणात सगळ्यांसमोर म्हणायचा, "आमच्या भाऊले गादीवर झोपच येत नाही, पोतं टाका खाली!" लोक पोट धरून हसायचे. मीही हसायचो. हसताना दात दिसतात, बाकी काही दिसत नाही.

बघा — मी पुन्हा त्यांच्यावरच आलो. माझ्या चुकीचा हिशेब मांडायला बसलो की आधी दुसऱ्यांची बाकी निघते.

तर खर्रा. आमच्या विदर्भाबाहेरच्या माणसाला हा माहीत नसेल. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घालून घोटतात, त्याची पुडी करतात. एक चिमूट गालात धरली की तास दोन तास निघतो. मी तो पोरवयापासून खातो. विजयही खायचा. आमचं दोघांचं जर कशावर जमत असेल तर ते यावर. जेवणं झाली की अंगणाच्या कोपऱ्यात उभं राहून एका पुडीत दोघांची बोटं.

एका एक जानेवारीला माझी पाळी आली, आणि मी — का ते मलाही माहीत नाही, अंगात आलं म्हणा — खिशातली पुडी काढली, चालत पुढे गेलो आणि पाळकसाहेबांसमोरच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, आजपासून हे बंद. प्रभूने मला सोडवलं.

तुम्हाला सांगतो, ते खोटं नव्हतं. त्या क्षणी नव्हतं. चर्चमध्ये असा आमेन उठला की मला रडू आलं. सासऱ्यांनी खांद्यावर हात ठेवला. पहिल्यांदा. पाळकसाहेबांनी पुढच्या महिन्यात अचलपूरला सभा होती तिथे साक्ष द्यायला चला म्हणून सांगितलं. मी हो म्हटलं.

संक्रांतीआधीच सुटलं. म्हणजे खर्रा नाही — संकल्प सुटला. एक गाडी भिजलेली पोती घेऊन आली, मी ड्रायव्हरच्या अंगावर धावून गेलो, शिव्या दिल्या. बाजूला हमाल बसला होता, त्याच्या हातातली पुडी ओढून घेतली आणि तोंडात टाकली. झालं. एवढंच.

एवढंच होतं ना? पडलो होतो. पडतात माणसं. त्या चर्चमध्ये तर दर वर्षी सगळेच पडलेले उठून उभे राहायचे. मी पाळकसाहेबांना फोन करून सांगू शकलो असतो — साहेब, जमलं नाही, पुन्हा सुरुवात करतो. पण खांद्यावर ठेवलेला तो हात — तो मग तिथे राहिला असता का?

मी अचलपूरला गेलो आणि साक्ष दिली. त्या दिवसापासून आजवर एकदाही इच्छा झाली नाही, असं सांगितलं. मग धारणीला. मग अकोल्यातल्या दोन-तीन मंडळ्यांत. सांगता सांगता ती घडत गेली. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे कळत गेलं. आणि गोडाऊनमध्ये, गठ्ठ्यांच्या मागे, जिथे जुन्या पोत्यांच्या धुळीने कोणालाच कसला वास येत नाही, तिथे माझा खर्रा चालूच होता. घरी जाण्याआधी लवंग चघळायचो. सुनंदाला कळलं नसेल? एकदा तिने जेवताना विचारलं, "तुमी पुन्हा खाऊन राहिले का?" मी ताट भिंतीवर फेकलं. वरणाचा डाग दिवाळीला रंग दिला तेव्हा गेला. तिने पुन्हा विचारलं नाही.

इथवर जे सांगितलं ते जड आहे, पण ते सांगण्यासाठी मी बसलो नव्हतो. खोटी साक्ष, चोरून खाणं — हे मी लहान आकडे म्हणून आधी पुढे केले. सवय आहे. मोठा आकडा अजून माझ्याकडेच आहे.

माझं ऐकून विजयने खर्रा सोडला. एक जानेवारीला, तसाच उठून. "भाऊचा सुटला, माहाही सुटन," असं म्हणाला. काही दिवसांनी धरला. ईस्टरला पुन्हा सोडला. पुन्हा धरला. रजनी, त्याची बायको, सुनंदाला फोनवर सांगायची — हसत सांगायची, कारण तो स्वतःच हसायचा. पुढच्या एक जानेवारीला पुन्हा उभा. मंडळीने आमेन म्हटलं. तो मात्र माझ्याकडे बघत होता.

मग एका दुपारी तो अकोल्याला आला. एकटा, मोटरसायकलवर. हंगामाचे दिवस होते, गोडाऊनच्या दारात बाया दाभणाने पोती शिवत बसल्या होत्या. मी आत होतो. त्याचा आवाज ऐकला आणि तोंडातला खर्रा कोपऱ्यात थुंकला, पायाने वर धूळ ओढली. तो आत येऊन गठ्ठ्यावर बसला. नेहमीसारखी थट्टा नाही. पोत्यांवर एक शब्द नाही.

"भाऊ, एक गोष्ट विचारू? हसू नका."

"विचार."

"तुमचा कसा सुटला हो? खरं सांगा. मले जमूनच नाही राहिलं. सोमवारी सोडतो, बुधवारी गालात राहते. रजनी म्हणते, पुन्हा सोडा. आता किती खेपा पुन्हा? देवालेही कंटाळा येत असन ना?" मग म्हणाला, "तुमी एकदाही नाही पडले? एकदाही?"

माझ्या जिभेवर अजून चुना चुरचुरत होता.

त्याला काय हवं होतं? उपदेश नको होता, उपाय नको होता. त्याला एक शब्द हवा होता. पडलो. अरे बाबा, आता तू आलास त्याच्या आधी पडलो, तो बघ कोपऱ्यात. एवढं ऐकलं असतं तर तो हसला असता, मोठ्याने, त्याच्या पद्धतीने — आणि उठला असता. आम्ही दोघेही उठलो असतो, कदाचित. पुढच्या बुधवारी पुन्हा पडलो असतो आणि एकमेकांना फोन केला असता.

मी म्हणालो, "एकदाही नाही."

आणि तेवढ्यावर थांबलो नाही.

"तुह्या विश्वासातच खोट हाये, विजय. अर्धवट माणसाचं देव काहून ऐकन?"

हे मी भीतीने म्हणालो असं सांगितलं तर तुम्ही मानाल. माझं बिंग फुटेल म्हणून घाबरलो, असं. बरीच वर्षं मी स्वतःलाही तेच सांगितलं. पण ते खरं नाही. भीती 'एकदाही नाही' याला पुरली असती. पुढचं वाक्य भीतीचं नव्हतं.

तो समोर बसला होता ना — तो देखणा, सगळ्यांचा लाडका, मला पोत्यावर झोपवणारा — आज माझ्याच पोत्यांवर बसून माझ्याकडे मागत होता. अडला होता. मला दिसलं की अडला आहे. आणि मी भाव चढवला.

मला बरं वाटलं. हीच ती गोष्ट. त्याचा चेहरा उतरला तेव्हा मला बरं वाटलं. आत कुठेतरी नाताळच्या त्या सगळ्या हसण्यांची वसुली झाली. देवाकडे जे कोणालाही, कितीही वेळा फुकट मिळतं, ते त्याला परवडू नये इतकं महाग करून मी सांगितलं. आणि बाहेर दारात बाया फाटक्या पोत्यांना थिगळं लावत होत्या. फाटलं म्हणून पोतं फेकायचं नसतं, हे सगळ्या अकोल्यात माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? माझं घर, माझ्या गाड्या, पोरांची शिक्षणं — सगळं त्याच्यावरच उभं आहे.

विजय गठ्ठ्यावरून उठला. मग हसला. "मंग आपलं कठीणच हाये, भाऊ," म्हणाला. मी चहा सांगितला होता, तो येईपर्यंत थांबला नाही.

त्यानंतरच्या एक जानेवारीला त्याची पाळी आली तेव्हा तो उठला नाही. रजनीने कोपराने ढोसलं. त्याने मान हलवली. त्याच्या पुढच्या वर्षी तो चर्चलाच आला नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, "भाऊसारखा विश्वास पाहिजे त्याले. आपण नाही त्यातले." थट्टेने म्हणायचा, लोक हसायचे. आणि खर्रा — आता तो सोडायच्या भानगडीतच पडत नव्हता. जो माणूस दर तीन-चार महिन्यांनी सोडायचा, धरायचा, पुन्हा सोडायचा, त्याने धडपडच बंद केली. पडणं चालू राहिलं, उठणं तेवढं मी काढून घेतलं.

आधी त्याला तिखट लागेना. रजनी त्याची भाजी वेगळी करायला लागली. मग तोंड पुरतं उघडेना. घास लहान झाले. मग गालात गाठ. नागपूरला ऑपरेशन झालं, डाव्या बाजूचा जबडा काढला. राजबिंडा म्हणालो होतो मी. आता तो तोंडावर पांढरा रुमाल धरून बसतो. बोलतो ते रजनीलाच कळतं.

त्याने सोडलाच असता असं कुठे आहे? माझं खरं ऐकूनही तो पडतच राहिला असता, हे होऊच शकतं. डॉक्टरही म्हणाले की इतक्या वर्षांचं आहे ते. — नाही. हे मी तुमच्याकडे सूट मागतो आहे. नको.

मी सांगायचा प्रयत्न केला. दवाखान्यात, तो नळीने जेवत होता तेव्हा. खुर्ची जवळ ओढली, म्हटलं, "विजय, मले तुले एक सांगाचं होतं." त्याने डोळे माझ्याकडे वळवले. तेवढ्यात रजनी फळांचा रस घेऊन आत आली आणि म्हणाली, "भाऊजी, तुमीच प्रार्थना करा यांच्यासाठी. तुमची देव ऐकते." तिने डोळे मिटले. विजयने मिटले. मी उभा राहिलो आणि प्रार्थना केली. फार चांगली केली. बाजूच्या खाटेवरच्या म्हातारीने शेवटी आमेन म्हटलं, ती तर ख्रिस्तीही नव्हती.

त्यानंतर मी किती वेळा अमरावतीला गेलो. गाडीत बसलो की वाक्य तयार असतं. बडनेऱ्यापर्यंत, म्हणजे अमरावती तोंडावर येईपर्यंत, असतं. त्याच्या दारात शिरलो की मी फळांची पिशवी ठेवतो, औषधांचं विचारतो, डॉक्टरवर ओरडायला फोन लावतो. ओरडणं जमतं. भांडणं जमतं. जगात कोणाशीही घासाघीस करून काहीही मिळवून आणणारा मी, आणि माझ्याच तोंडातून एक शब्द मला काढता येत नाही.

यंदाच्या एक जानेवारीला विजय चर्चला आला. रजनीने आणलं नाही, तो स्वतः आला. माझ्या बाजूला येऊन बसला. त्याची पाळी आली आणि मला वाटलं पाळकसाहेब त्याला टाळून पुढे जातील. पण तो उठला. रुमाल धरून काहीतरी बोलला. कोणाला कळलं नाही. सगळे रजनीकडे बघायला लागले.

ती उभी राहिली. "ते म्हणून राहिले," ती म्हणाली, "ऑपरेशननंतर दिवाळीत यांनी पुन्हा तंबाखू खाल्ली. दुसऱ्या गालात. लपून. मले माहीत नव्हतं, आता ऐकून राहिली मी." विजयने तिच्या दंडाला स्पर्श केला, पुन्हा काही बोलला. "म्हणतात, आजपासून पुन्हा सोडतो."

असा आमेन मी त्या चर्चमध्ये कधी ऐकला नव्हता. माझ्या पुडीच्या वेळीही नाही.

मग पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. माझीच पाळी होती. मी उठलो. तुम्हाला सांगतो, शब्द ओठापर्यंत आला होता. विजयपेक्षा सोपं वाक्य होतं माझं. त्याला तर अर्धाच जबडा होता.

मी दर वर्षीची साक्ष दिली. त्या दिवसापासून आजवर एकदाही नाही. जिथे थांबायचं तिथे थांबलो, जिथे आवाज खाली आणायचा तिथे आणला.

खाली बसलो तेव्हा विजयने माझा हात हातात घेतला. उपासना संपेपर्यंत सोडला नाही. शेवटच्या गीताला सगळे उभे राहिले तेव्हा तो हात त्याने स्वतःच्या कपाळाला लावला. माझ्या बोटांना खर्ऱ्याचा वास होता. सकाळचाच, ताजा. त्याचं नाक शाबूत आहे.